प्लस-मायनस काका

अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून नाहीतर हिंगण्याच्या एमआयडीसीतून निवृत्त झालेला एक तरी ड्रॉइंगवाला काका धरमपेठेत गल्लोगल्ली सापडतो. खिशात पेन नसेल, व्हर्नियर असतो. "सहाला लक्ष्मीभुवन चौकात भेटू," म्हटलं की विचारणार, "सहा, प्लस-मायनस किती?" तुम्ही गप्प राहिलात तर तो जनरल टॉलरन्स, म्हणजे सरसकट चालणारी चूक, लावतो: नागपूरकराला अर्धा तास, पुण्याच्या पाहुण्याला शून्य. पत्रिकेतला १२ वाजून ३७ मिनिटांचा मुहूर्त त्याला बघवत नाही. "इतका घट्ट टॉलरन्स, अन् वरात फुटाळ्यावर नाचून राहिली! खर्च वाढंल नाही तं काय?"

त्याचं दैवत स्टॅन्ली पार्कर. स्कॉटलंडच्या टॉर्पेडो कारखान्यातल्या या गृहस्थानं दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास एक अन्याय हेरला. भोकाच्या जागेला आडवं-उभं प्लस-मायनस दिलं की चौकोन तयार होतो. त्याच्या कोपऱ्यातलं भोक पास, अन् केंद्रापासून तेवढंच सरळ बाजूला सरकलेलं नापास! कोपऱ्यांना स्पर्श करणारं वर्तुळ काढा, जागा ५७ टक्के वाढते आणि चांगला माल भंगारात जात नाही. हे काका जावयाला दर दिवाळीत सांगतात.

परवा न्हाणीघरात पाच खुंट्या लावायच्या होत्या. काकांनी रीतसर ड्रॉइंग काढलं. सुतार मात्र एका खुंटीवरून पुढची मोजू लागला.

"साखळी नको रे राजा! दर मापाला एक मिलिमीटर चुकला तं पाचवी खुंटी पाच मिलिमीटर भरकटते. सगळी मापं चौकटीपासून घे. चौकट आपला डेटम."

"काकाजी, खुंट्या ठोकून राहिलो, रॉकेट नाही."

काकू दारात उभ्या. "चौकटीपासून मोजल्यावर शेजारच्या दोघींतलं अंतर किती चुकंल?"

"दोन. एक हिचा, एक तिचा."

"अन् साखळीत?"

"...एक."

"मग डोळ्याला काय दिसते? चौकट का मधलं अंतर?"

वस्तूचं काम काय, त्यावरून माप कुठून द्यायचं ते ठरतं, हे काकांनी उभ्या नोकरीत ज्युनिअरांच्या डोक्यात ठोकलेलं. बोलणार काय?

खुंट्या साखळीनंच लागल्या. ड्रॉइंग सुधारलं गेलं. 'चेक्ड'च्या रकान्यात काकांची सही आहे, 'अप्रूव्ह्ड'च्या रकान्यात काकूंची.