सवत वाफेवर चालते

बाई, बाई, बाई! साठी उलटलेली, घरंदाज, बीपीची गोळी वेळेवर घेणारी माणसं आणि ही थेरं! दारू नाही, रमी नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण रविवार उजाडला की नातवाचं निमित्त करून कोथरूडचं जोशी रेल्वे म्युझियम गाठायचं. भाऊ जोशींनी हौसेपायी मांडलेलं ते चिमुकलं गाव 1998 पासून लोकांना नादाला लावतंय. दिवे मालवले की गावात रात्र होते, सिग्नल पडतात, गाड्या सुटतात. शो संपला की नातू आइस्क्रीम मागतो. आजोबा जागचे हलत नाहीत. ‘त्या वाफेच्या इंजिनाचं मॉडेल कुठल्या सालचं हो?’ ही चौकशी चाललेली असते.

तरी आपल्याकडे हे खेळण्यांवर भागतंय. विलायतेत लोकांनी खरीखुरी इंजिनं ठेवली! ‘फ्लाइंग स्कॉट्समन’चंच घ्या. जन्म 1923, डॉनकास्टरचा. 1934 साली ताशी शंभर मैलांनी धावली, म्हणजे नखरा पहिल्यापासूनच. 1963 मध्ये भंगारात निघणार, तोच अ‍ॅलन पेग्लर नावाच्या खात्यापित्या घरच्या गृहस्थांनी तीन हजार पौंड मोजून तिला पदरी घेतलं. घेतलं ते घेतलं, 1969 साली मिरवायला थेट अमेरिकेला नेलं! कर्ज वाढत गेलं आणि 1972 मध्ये साहेबांचं दिवाळं वाजलं. घरी कसे परतले माहितीये? बोटीवर प्रवाशांना आगगाड्यांची व्याख्यानं देत देत. आणि ती? तिला काय धाड भरली होती! विल्यम मॅकअल्पाइन यांनी सोडवली आणि बाईसाहेब पनामा कालव्यातून मायदेशी आल्या. पुढे 1996 साली टोनी मार्चिंग्टन यांनी घेतली. त्यांचंही दिवाळं. दोन माणसं धुऊन काढली, तरी 2004 मध्ये यॉर्कच्या नॅशनल रेल्वे म्युझियमनं तेवीस लाख पौंडांना घेतलीच. त्यात लोकवर्गणीही होती, म्हणजे आता सगळा देशच सामील. मग जवळजवळ दहा वर्षं दुरुस्ती, खर्च बेचाळीस लाख पौंड. फेब्रुवारी 2016 मध्ये लंडनहून यॉर्कला निघाली, तर दर्शनाला लोक थेट रुळांवर! गाडी थांबवावी लागली. शिकलेली माणसं हो ही!

दुरुस्ती म्हणजे रंगाचा हात मारला असं नव्हे. बॉयलर उचलून बाहेर काढायचा, आतल्या नळ्यांचं जंगल उपसायचं, गंजलेला पत्रा कापून नवा बसवायचा. आधी पाण्याचा दाब देऊन बघायचं, मग वाफेचा. एवढं करून तिकडे बॉयलरचा दाखला साधारण दहा वर्षांचा, की पुन्हा सगळं उघडा. आणि पेटवणं? थंड इंजिन भसकन पेटवलं तर पत्रा कुठे जास्त फुगतो, कुठे कमी, आणि नळ्यांचे सांधे गळायला लागतात. म्हणून आदल्या दिवशीच मंद जाळ करून ठेवायचा. घरी चहाला पाच मिनिटं उशीर झाला की भांडी आपटणारे हे महाशय तिथे मध्यरात्री निखारे सारखे करत बसतात. सकाळी राखही स्वतःच काढतात. स्वतःच! आम्ही घरी साधा केर काढायला सांगून बघितलाय.

यांना एवढा माल मिळाला कुठून, तर वेल्समधल्या बॅरीच्या एका भंगारवाल्याकडून. त्यानं 297 इंजिनं तोडायला घेतली, पण वॅगन तोडणं सोपं, म्हणून आधी वॅगन तोडत बसला. तेवढ्यात या हौशी मंडळींनी गाठलं आणि एकेक करत 213 इंजिनं सोडवून नेली. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात गंजलेली, निम्मे भाग चोरीला गेलेली, तरी पैसे मोजून! आपण मात्र फार सोवळ्याचा आव आणायला नको. 1907 च्या नेरळ-माथेरान गाडीची जर्मन बनावटीची चार इंजिनं होती. त्यांतलं एक असंच साता समुद्रापार इंग्लंडात नांदायला गेलंय.

आता खरी बातमी ऐका. जुनी संपत आली, तर या लोकांनी नवीन करायला घेतली! ‘टॉर्नेडो’ हे इंजिन 1990 साली ठरवलं आणि 2008 मध्ये धावलं. अठरा वर्षं, साधारण तीस लाख पौंड, तेही बरंचसं वर्गणीवर. आठवड्याला एका बिअरचे पैसे द्या, असं गोड बोलून पैसे काढले. आणि एवढ्यावर थांबतील तर शपथ! त्याच मंडळींनी लगोलग आणखी एक, ‘प्रिन्स ऑफ वेल्स’, करायला घेतलंय, पहिल्याहून थोरलं. वर्गणीदार पुन्हा रांगेत. त्यांतले किती जण बायकोला विचारून पैसे देतात, ते मात्र कुठल्याच हिशेबात दाखवत नाहीत.