मशीन पाडून दाखवा

परिषदेसाठी प्रस्ताव मागवले की ‘फेडोरा कोअरओएसची ओळख’ हा विषय हमखास येतो. फेडोरा कोअरओएस म्हणजे कंटेनर चालवण्यासाठीची लिनक्स प्रणाली. ४५ मिनिटं, ढीगभर स्लाइड, आणि सुरुवातीला कंटेनर म्हणजे काय ते पुन्हा एकदा. समोर बसलेले रोज कंटेनर चालवतात. त्यांना ही ओळख कशाला?

मग इतिहास. २०१३मध्ये कोअरओएस आली, २०१८मध्ये रेड हॅटने ती कंपनी २५ कोटी डॉलरला घेतली, मे २०२०मध्ये तिची जुनी प्रणाली ‘कंटेनर लिनक्स’ बंद झाली. सांगून झालं. यावर अर्धं सत्र कसं काय जातं?

आणि या इतिहासातली कामाची गोष्ट तेवढी राहून जाते. कंटेनर लिनक्सवरून फेडोरा कोअरओएसवर जागच्या जागी जायची सोयच नव्हती. मशीन नव्याने उभं करावं लागायचं. (जागच्या जागी जायचं, तर कंटेनर लिनक्समधूनच फुटलेली फ्लॅटकार होती.) ज्यांची कॉन्फिग फाइलमध्ये लिहिलेली होती, त्यांना नवं मशीन उभं करणं सोपं. ज्यांनी मशीनमध्ये शिरून हातानेच सगळं केलं होतं, त्यांनी काय करायचं?

हे सांगा. फाइलमधून मशीन नव्याने उभं करता यावं, यासाठीच ही प्रणाली आहे.

आता वर्कशॉप. इमेज ७०० एमबीची धरा, माणसं ४० धरा. २८ जीबी, तेही सभागृहाच्या वायफायवर! वर्कशॉप संपत आलं तरी निम्म्यांचं डाउनलोड चालूच. ‘घरून उतरवून आणा’ एवढी एक ओळ आठवडाभर आधी कळवायला काय लागतं? तरीही काही जण हात हलवत येणारच. त्यांच्यासाठी चार पेनड्राइव्ह ठेवा.

पुढची ठेच एसएसएच की. ‘कोअर’ या युजरला मुळात पासवर्डच नसतो. कॉन्फिगमध्ये की घालायला विसरलात, की मशीन सुरू आणि तुम्ही बाहेर. कित्येकांकडे की तयारच नसते, आणि ती बनवायला वेळापत्रकात कोणी पाच मिनिटंही ठेवलेली नसतात.

खरं घोडं अडतं ते इग्निशनपाशी, म्हणजे कॉन्फिगच्या फाइलपाशी. ही फाइल मशीन पहिल्या बूटला वाचतं. नंतर कधीच नाही. शिकणारा फाइल बदलतो, रिबूट करतो, काहीच बदलत नाही. ‘बिघडलं’ म्हणून तो हात वर करतो. बिघडलेलं काही नसतं. व्हीएम (आभासी मशीन) पुसायचं, नवं उभं करायचं. म्हणून वर्कशॉपमध्ये मशीन निदान तीनदा उभं करायला वेळ हवा. आखणी मात्र एकदाच्या हिशेबाने होते, आणि नेमकं शिकायचं तेच राहतं.

आता मुख्य मुद्दा. हे मशीन अपडेट स्वतःहून घेतं आणि स्वतःहून रिबूट होतं. सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाच्या पोटात गोळा येतो तो इथे. ऐन कामाच्या वेळी रिबूट झालं तर? नवी आवृत्ती फसली तर? हे विचारायलाच तो आलेला असतो, आणि प्रश्नोत्तरांना उरतात दोन मिनिटं.

उत्तरं तयार आहेत. रिबूट कोणत्या वारी, किती वाजता चालेल, हे अपडेट सांभाळणाऱ्या झिंकाटीला सांगता येतं. आधीची आवृत्ती डिस्कवर तशीच राहते. बूट मेनूतून ती निवडा किंवा रोलबॅकची आज्ञा द्या. ‘स्टेबल’ या प्रवाहाची नवी आवृत्ती साधारण दोन आठवड्यांनी येते आणि त्यातले बदल आधी ‘टेस्टिंग’ प्रवाहात मुरलेले असतात. थोडी मशीनं ‘टेस्टिंग’ आणि ‘नेक्स्ट’वर ठेवा, असं प्रकल्पच सांगतो. सगळी मशीनं ‘स्टेबल’वरच ठेवलीत, तर तुमच्या कामाला नडणारा बग आधी कोण पकडणार?

हे सगळं स्लाइडवर सांगून विश्वास बसत नाही. मुद्दाम जुनी आवृत्ती चढवा, तिच्यावर एक कंटेनर चालू ठेवा, अपडेट येऊ द्या, रिबूट होऊ द्या. मग सगळ्यांसमोर जुन्या आवृत्तीवर परत या. पाण्यात न उतरवता कोणी पोहायला शिकवतं का?

पुण्याला फेडोराच्या गर्दीची ओळख आहे. फेडोराची फडकॉन ही परिषद २०११मध्ये सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयात भरली, २०१५मध्ये पुन्हा पुण्यातच. अशा गर्दीत विद्यार्थीही असतात आणि नोकरीतली माणसंही. विद्यार्थ्याला पहिलं मशीन उभं करण्याचा आनंद हवा असतो; नोकरीतल्या माणसाला रात्रीच्या झोपेची हमी. दोघांना एकाच वर्कशॉपमध्ये कोंबलं की एक जण कंटाळतो आणि दुसऱ्याला काहीच उमगत नाही. दोन वेगळी सत्रं ठेवा. खोली एकच असेल, तर सकाळ एकाला, दुपार दुसऱ्याला.

आणि प्रस्ताव निवडणाऱ्यांनो, वक्त्याला आधीच विचारा: अपडेट फसलं तर मंचावर काय करून दाखवाल? उत्तर आलं नाही, तर त्याची ४५ मिनिटं दुसऱ्याला द्या.