आधी 384 माणसं गाठा

व्यवस्थापनात पीएच.डी. करायचं ठरलं असेल तर घरी ‘तीन वर्षं’ असं सांगा. यात खोटं काही नाही. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत किमान मुदत तीनच वर्षांची आहे. कमाल सहा आणि फेरनोंदणीची आणखी दोन, हा भाग त्याच नियमांत आहे. तो तिथंच राहू द्या. घरात लग्नाचं बघत असतील तर नक्कीच.

जागा नाही, गलका फार, ही सबब मात्र आमच्या भागात चालत नाही. परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब राहिले. लंडनची डी.एस्सी. 1923 ची, कोलंबियाची पीएच.डी. 1927 ची, आणि मुक्काम पोयबावडीला. वडीलधारी मंडळी हा दाखला जिभेवर ठेवून असतात.

आता विषय. गिरगाव ते लालबाग या पट्ट्यात राहणाऱ्याने विषयासाठी वणवण करणं म्हणजे करंटेपणा. लालबागच्या राजाची नवसाची रांग वेगळी, मुखदर्शनाची वेगळी. रांगांचं अख्खं शास्त्र तिथं उभं असतं. गिरण्यांच्या जागी मॉल आले, त्याला ‘परिवर्तनाचं व्यवस्थापन’ म्हणता येतं. 18 जानेवारी 1982 ला संपावर गेलेले अडीच लाख कामगार कुठल्या प्रकरणात घालायचे, एवढीच अडचण येते. आमच्या गाइडांनी तळटीप सुचवली होती.

मी डबेवाले घेतले. 1890 पासून लोक तो डबा नुसता खात होते. 2010 मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलने त्याच्यावर केस लिहिली आणि डब्याला वजन आलं. शीर्षक असं ठेवलं : ‘मुंबईतील डबेवाहतूक सेवेच्या पुरवठा साखळी परिणामकारकतेचा चिकित्सक अभ्यास : विशेष संदर्भ दादर’. ‘चिकित्सक’ आणि ‘विशेष संदर्भ’ हे दोन शब्द सोडू नका. त्यांच्यावाचून सायनॉप्सिस उघडाबोडका दिसतो.

यानंतर माणसं. क्रेजसी आणि मॉर्गन यांनी 1970 साली एक तक्ता केला. दहा लाखांची वस्ती असली तर 384 जणांना विचारलं की भागतं. मी विषय घेतला तेव्हा डबेवाले पाचेक हजार होते, म्हणजे तक्त्याप्रमाणे 357 पुरे. तरी 384 च घ्या. परीक्षकांच्या डोळ्यांना तो आकडा सवयीचा आहे, 357 पाहून ते वाचायला लागतात. माणसं चिठ्ठ्या टाकून निवडावीत अशीही अट आहे म्हणतात; ती पाळलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

प्रश्नावलीत पाच चौकोन हवेत : पूर्णतः असहमत ते पूर्णतः सहमत. ही लायकर्टसाहेबांची 1932 ची कृपा. माणसाला मत असो वा नसो, चौकोन असतोच.

मी सकाळी अकराला दादर स्टेशनाबाहेर गेलो. डब्यांची वाटणी चालू होती. टोपीवाल्या एका काकांच्या हातात डबा, नजर झाकणावरच्या रंगीत खुणांवर. मी विधान क्रमांक सात वाचलं, “संघटनात्मक बांधिलकीमुळे माझ्या कार्यप्रेरणेत वृद्धी होते.”

“म्हंजी?”

“म्हणजे, काम आवडतं का, काका?”

“न आवडून सांगू कुनाला?”

मी ‘तटस्थ’वर खूण केली. विधान आठ काढेपर्यंत त्यांनी लाकडी खोकं डोक्यावर घेतलंसुद्धा. “साहेब, अजून धा मिन्टं तुमच्यापाशी थांबलो तर गाडी जाईल. मग लिवा तुमी, डबं येळेवर पोचत न्हाईत.”

असा निष्कर्ष हातचा जातो म्हणून खट्टू होऊ नये. 2003 साली इंग्लंडचे युवराज चार्ल्स चर्चगेटला भेटायला आले, तर त्यांनाही डबेवाल्यांच्या वेळापत्रकात बसावं लागलं. आपण कोण?

उरलेले फॉर्म चाळीच्या गॅलरीत बसून भरावेत. निळं आणि काळं, दोन्ही पेनं वापरावीत. क्रोनबाखचा अल्फा 0.7 च्या वर यावा लागतो. सगळे फॉर्म एकाच हातचे असले की तो झकास येतो. 0.97 आला तर थोडे फॉर्म डाव्या हाताने पुन्हा भरा, किंवा मंडळाच्या पोरांना वडापाव कबूल करा. पोरं वडापाव खातात आणि सगळ्यालाच ‘पूर्णतः सहमत’ होतात, याचं भान मात्र असू द्या.

साहित्याचा आढावा म्हणजे दुसऱ्यांचं आपल्या शब्दांत. 2018 च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंत साम्य माफ आहे, तेव्हा बाकीच्या नव्वद टक्क्यांत ‘महत्त्वाचे’च्या जागी ‘महत्त्वपूर्ण’ करत बसायचं. यात एक पावसाळा जातो. बायंडिंगला, रेक्झिनवर सोनेरी अक्षरांसकट, तीन दिवस. वायवाच्या दिवशी समोसे कोण आणणार हे आधी ठरवा; माझ्या वायवात सगळ्यात लांबलेली चर्चा तीच.

नोटिफिकेशन आलं त्या संध्याकाळी मी दारावरच्या पाटीत ‘डॉ.’ घालून घेतलं. श्रावण उजाडला तशी मंडळाची पोरं वर्गणीला आली, तीच, वडापाववाली. एकाने पाटी वाचली, दुसऱ्याला कोपर मारलं. दरवर्षीची 501 ची पावती लिहून झाली होती. त्याने ती फाडून खिशात कोंबली आणि नवीन लिहिली : ‘डॉ.’, आणि पुढे 1,001.

“सहमत ना, डॉक्टर?”