जावक क्रमांक नसलेला नकार

दिव्यांग मुलाला प्रवेश नाकारण्याची एक सभ्य पद्धत आपल्याकडच्या बऱ्याच शाळांनी बसवून घेतली आहे. पालकांना खुर्ची द्यायची, मुलाचे तोंडभर कौतुक करायचे आणि ‘त्याच्याच भल्यासाठी’ दुसरी शाळा सुचवायची. सगळे तोंडी, कारण २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेला असा भेदभाव करता येत नाही. आणि तोंडी नकाराला जावक क्रमांक नसतो. खटला राहू द्या, सोबतच्या वकिलाने ‘हे जरा लेटरहेडवर द्या’ एवढे म्हटले, तरी भरलेल्या वर्गात एखादे बाक रिकामे निघू शकते. असा वकील फुकट मिळतो, हे गुपित मात्र सरकारने निष्ठेने सांभाळले आहे. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे बारावे कलम मुलांना आणि दिव्यांगांना मोफत विधी सेवेचा हक्क देते, उत्पन्नाचा दाखला न मागता; आणि या सेवेत नुसता सल्लाही येतो. १५१०० ही हेल्पलाइन आहे. दर ९ नोव्हेंबरला विधी सेवा दिन असतो, भाषणे होतात. शाळेच्या नोटीस बोर्डावर मात्र फीच्या तक्त्याशेजारी या पाच आकड्यांना जागा होत नाही.

‘श्रीमंताच्या पोरालाही फुकट वकील?’ असे कोणी विचारील. हक्क पोराचा आहे आणि पोराला पगार नसतो. त्याहून खरी भीती वेगळी: शाळेशी भांडून मूल तिथेच ठेवायचे, तर बाई आकस धरणार नाहीत का? धरतीलही. पण एकट्या आईवर धरलेला आकस कुठे नोंदला जात नाही. मध्ये वकिलाचे पत्र असले की मुख्याध्यापकांना आपले वागणे फाइलमध्ये कसे दिसेल याची काळजी पडते. उरला शेवटचा आक्षेप, की वकील विशेष शिक्षक कुठून आणणार? नाही आणू शकत. पण प्राथमिकला दहा आणि पुढे पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण केंद्र सरकारने २०२२ साली घालून दिले ते विशेष शिक्षकच न्यायालयात गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली प्रमाण ठरवण्याचा आदेश दिला म्हणून. शिक्षण खात्याला पाझर फुटला म्हणून नव्हे. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्वाच्या मुलाला सहा ते अठरा वर्षे वयात शेजारच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ‘मुलासोबत वर्गात बसणारी शॅडो टीचर तुमच्या खर्चाने आणा’ हे त्या मोफतमध्ये नेमके कसे बसते, ते कलम शाळेने त्या फुकट्या वकिलाला एकदा दाखवावे.