तीस रुपये किलो

आमच्या घरात एक ठराव बरीच वर्षं चर्चेला येतो आणि दर वेळी पुढे ढकलला जातो: गाडी ठेवावी की काढावी. गाडी म्हणजे अप्पांची, माझ्या सासऱ्यांची, 2003 सालची पांढरी मारुती 800. दोन लाख किलोमीटर मागेच ओलांडून बसलेली. चालवते मुख्यतः मी. नवऱ्याला तिच्यात बसायला संकोच वाटतो आणि अप्पांना ती दुसऱ्याच्या हातात गेलेली बघवत नाही. ते शेजारच्या सीटवर बसून पायाने ब्रेक दाबत राहतात.

यंदा मे महिन्यात साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर तापमानाचा काटा लाल रेघेकडे निघाला. जुन्या गाडीवाल्यांचा यावर एक हमखास तोडगा आहे: हीटर पूर्ण सोडायचा. इंजिनची उष्णता तेवढीच आत येते आणि काटा खाली सरकतो. सरकलाही. मागून सासूबाई म्हणाल्या, "शेंगा आणायला हव्या होत्या. भाजून निघाल्या असत्या."

पुण्यात परतल्यावर मिस्त्रींनी ऑइलची पट्टी उपसून पाहिली. ऑइल दुधाळ, सायलेन्सरमधून पांढरा धूर. "हेड गॅस्केट गेलंय, ताई. हेड खोलून लेथवर फेस मारावा लागेल." आकडा सहन होण्याजोगा होता. पण गॅरेजमध्ये पहिला आकडा कधीच शेवटचा नसतो. "आता खोलतोच आहे, तर टायमिंग बेल्ट टाकून घेऊ. व्हॉल्व्हच्या सीलाही. वॉटर पंपाचंही काही खरं नाही." अशा रीतीने आम्ही चौदा हजारांवर पोचलो.

नवऱ्याने लॅपटॉप उघडला. नवीन गाडीसाठी पाच लाखांचं कर्ज, नऊ टक्के, पाच वर्षं: महिना दहा हजार तीनशेच्या वर हप्ता. मला वाटलं, विषय संपला. दीड हप्त्यापेक्षाही कमी पैशांत आपली गाडी रस्त्यावर! पण तो म्हणाला, "जिची किंमतच पंचवीस हजार, तिच्यावर चौदा हजार कोण घालतं?" हा युक्तिवाद ऐकायला भक्कम वाटतो. त्यात खोट एवढीच, की पंचवीस हजारांत चालती गाडी आपल्याला कोणी देत नाही. ती किंमत फक्त विकणाऱ्यासाठी असते.

तरी भंगारवाल्याला बोलावून झालं. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ घातली आणि म्हणाला, "तीस रुपये किलो." या गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. म्हणजे साडेएकोणीस हजार. अप्पांनी शांतपणे विचारलं, "टाकी फुल आहे. अठ्ठावीस लिटर. त्याचे वेगळे ना?"

अप्पांची एक वही आहे. प्रत्येक वेळचं पेट्रोल, किलोमीटर, ॲव्हरेज आणि टाकलेला प्रत्येक पार्ट तिच्यात आहे. विकण्याचा विषय निघाला की ती वही निघते. "गेल्या वर्षी बॅटरी टाकलीय, आत्ता कशी काढणार?" त्याच्या आदल्या वर्षी टायर नवे होते, त्याआधी रेडिएटर. गाडी विकायची तर ती संपूर्ण जुनी व्हायला हवी, आणि आमची गाडी तेवढी एकजात जुनी कधी होतच नाही. कुठला ना कुठला अवयव कायम वॉरंटीत असतो.

मला विचाराल तर इंजिनाला भिऊ नये. मारुतीने 800 बंद केली 2014 साली, पण हेच 796 सीसीचं इंजिन ओम्नीत 2019 पर्यंत येत होतं. त्यामुळे नाना पेठेत पार्ट अजून मिळतात. भ्यावं पत्र्याला. मुंबईच्या किंवा कोकणातल्या खाऱ्या हवेतली गाडी असेल, तर बॉनेट उघडण्याआधी मॅट उचलून फ्लोअर पाहावा. तिथून रस्ता दिसत असला तर एस्टिमेट मागूच नये. आमचा पत्रा पुण्याच्या कोरड्या हवेत शाबूत राहिला आहे. शिवाय गाडीची रुंदी दीड मीटरच्या आत. सदाशिव पेठेत हा गुण माणसात असला तरी उपयोगी पडतो.

सरकार मात्र नवऱ्याच्या बाजूने आहे. 2022 पासून पंधरा वर्षांपुढच्या मोटारीच्या पुन्हा पासिंगची फी सहाशेवरून पाच हजार झाली. 2025 मध्ये विशी उलटलेल्यांसाठी ती दहा हजार केली. पर्यावरण कर वेगळा. आमचं पुढचं पासिंग 2028 साली. "तेव्हाचं तेव्हा," अप्पा म्हणाले. यापुढे सरकारचं काय चालणार?

निकाल अखेर गॅरेजात लागला. मिस्त्रींनी मला बाजूला घेतलं. "खरं सांगू, ताई? हिच्यात पैसे घालण्यात अर्थ नाही. मलाच देऊन टाका. सव्वीस देतो."

"तुम्ही काय करणार तिचं?"

"गॅस्केट टाकणार. पोराला वापरायला होईल. पाच-सात वर्षं हलत नाही ही."

अप्पा बाजूला नव्हतेच, माझ्या मागेच उभे होते. त्यांनी तिथल्या तिथे ॲडव्हान्स काढून मिस्त्रींच्या हातात ठेवला. मिस्त्रींचा चेहरा पडला. काम घेतलं, पण एक अट घालून: काढायची ठरली तर पहिला फोन त्यांना. नवऱ्याने लगेच फोन उघडला आणि 'मिस्त्री' खोडून तो नंबर 'गिऱ्हाईक' म्हणून सेव्ह केला.