घरचे कारखानदार

परभणीच्या कोणत्याही गल्लीत, मग ती जुन्या पेठेतील असो वा कृषी विद्यापीठाच्या वाटेवरील नव्या वसाहतीतील असो, एक तरी गृहस्थ असा आढळतोच, की ज्याच्या मते कारागिराला मजुरी देणे हा स्वतःच्या बुद्धीचा अपमान होय आणि तयार वस्तू विकत आणणे हा तर उघड पराभव. आमच्या शेजारचे काका याच संप्रदायातले. महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून हयात गेल्यामुळे कोणत्याही कामाची आधी मिसल तयार करावयाची, मग तिच्यावर शेरे मारावयाचे आणि अखेर ती यथावकाश निकाली काढावयाची, ही त्यांची जुनी शिस्त. निवृत्तीनंतर त्यांनी तीच हत्यारांच्या पेटीला लागू केली.

यंदा चैत्रात त्यांच्या कूलरची मोटार खडखडू लागली. मोटारीखालची पत्र्याची बैठक बदलली असती तर प्रकरण तिथेच मिटले असते. परंतु भंगाराच्या दुकानात काकांना फूटभर लांब, तितकाच रुंद आणि अर्धा इंच जाड असा ॲल्युमिनियमचा तुकडा दिसला, आणि काकूंच्या भांड्यांच्या फळीवर ज्याला नुसते ‘जर्मन’ म्हणतात त्या धातूचे माहात्म्य त्यांच्या मुखातून स्रवू लागले. “लोखंडाचा असता तर नऊ किलोंवर भरला असता, हा जेमतेम सव्वातीन! शिवाय लोखंडासारखा गंजायचा नाही. दोन इंचांची पट्टी तेवढी कापली, की झालं.”

‘तेवढी’ या शब्दाइतका घातकी शब्द मराठीत दुसरा नसेल.

पहिल्या दिवशी इंचाला ३२ दात असलेले बारीक पान हॅक्सॉला लावून काकांनी प्रारंभ केला. पण हा धातू मऊ आणि चिकट, त्याचा कीस बारीक दातांच्या फटींत असा गच्च बसला, की थोड्याच वेळात पान कापण्याऐवजी नुसते घसरू लागले. दुसऱ्या दिवशी कोणाचा तरी ग्राइंडर आला. दगडी चक्रीची छिद्रेही त्याच किसाने बुजली, ती तापून किंचाळू लागली, आणि अशी भरलेली चक्री फुटून तोंडावर येते, असे एका लेथवाल्याने बजावल्यावर ग्राइंडर ससन्मान परत गेला. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ या म्हणीचे अर्थ लोक नाना प्रकारे लावतात. काकांच्या ओट्यावर तिचा अर्थ एवढाच होता, की जमले तर बैठक, नाही तर पुन्हा परभणीच्या बाजारात नवे पान आणावयास जाणे.

अखेर त्याच लेथवाल्याने दीक्षा दिली : जाड कामाला इंचाला १४ किंवा १८ दातांचे पान घ्यावे, दातांचे तोंड पुढे असावे, जोर पुढे जाताना द्यावा आणि परतताना हात हलका सोडावा, पानाला मेणबत्ती घासावी आणि मिनिटाला ४०-५० फेऱ्यांपलीकडे घाई करू नये. चौकट तुकड्याच्या कडेला अडू लागली, तेव्हा पान काटकोनात फिरवून बसवता येते, हा शोध मात्र काकांचा स्वतःचा. तो त्यांनी गल्लीत इतक्यांदा सांगितला, की मुले त्यांना पाहताच हाताने काटकोन करून दाखवू लागली.

तीन संध्याकाळ शिकंज्यात आवळलेल्या तुकड्याचे दुसरे टोक मी धरून बसलो. चौथ्या दिवशी पट्टी सुटली. मग कानशीला खडू घासून, तिच्यात अडकलेला कीस तारेच्या ब्रशाने काढीत काढीत कड साफ झाली. “चार पैसे टाकून आणली असती तर उन्हाळा तरी गारव्यात गेला असता हो,” काकू एवढेच म्हणाल्या. त्यावर शेरा मारण्याचे काकांनी टाळले. मोटार मात्र त्या बैठकीवर मुळीच आवाज न करता फिरू लागली, हे नमूद केले पाहिजे. तोवर मृग दाराशी आला होता.

परवा त्यांनी मला या कामाचा हिशेब दाखवला, सुवाच्य अक्षरांत, रकाने आखून : पाने ४, मेणबत्त्या २, खडूची पेटी १, बोटाची पट्टी १. आणि सर्वांत खाली, दुहेरी रेघेने अधोरेखित केलेली नोंद : मजुरी – निरंक.