‘डायरेक्ट फिट’ छापणाऱ्या महोदयांस

प्रिय रेडिएटर-उत्पादक महोदय,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपण घडवलेला रेडिएटर पोचला. खोक्यावर आपले नाव नाही, गाव नाही, फोन नाही, म्हणून हे पत्र उघड्यावर टाकावे लागत आहे. एवढे उपकार करून नाव गुप्त ठेवणारे दाते हल्ली दुर्मीळच. खोक्यावर आपण एवढेच छापले आहे : ‘डायरेक्ट फिट. सर्व महिंद्रा जीपसाठी.’

आपली छाती खरोखर मोठी. महिंद्रांनी आजवर जीपच्या बॉनेटखाली हरिकेन पेट्रोल इंजिन घातले, इंटरनॅशनल ट्रॅक्टरचे डिझेल घातले, प्यूजो घातले, पुढे डिझेल थेट सिलिंडरमध्ये सोडणारे डीआय घातले. त्यांच्या ड्रॉइंगवाल्यांना दर वेळी पंखा कुठे येतो, होज कुठून वळतो, हे मोजत बसावे लागले. आपण तो सगळा घोळ एका खोक्यात मिटवलात. आमच्या एमएम ५४० मध्ये २११२ सीसीचे प्यूजो आहे. जुन्या धाटणीचे; डिझेल आधी एका छोट्या कोठडीत पेटते आणि मग सिलिंडरमध्ये शिरते. त्या कोठडीच्या भिंतींतून बरीच उष्णता पाण्यात जाते, त्यामुळे अशा इंजिनाच्या रेडिएटरला डीआयपेक्षा जास्त राबावे लागते. दोघांना एकच माप पुरते, हा आपला शोध पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत यायचा राहिला आहे.

बसवण्याबद्दल मात्र तक्रार नाही. बोल्टांची भोके अर्धा इंच सरकलेली होती, ती मिस्त्रींनी कानस चालवून लांबवली. खालचा होज चढेना, तो गरम पाण्यात बुडवून, साबण लावून चढवला. राहता राहिले रबरी बुश. फोर व्हील ड्राइव्ह गाडीचे एक चाक दगडावर आणि दुसरे खड्ड्यात गेले की चेसिस पिळवटते. तो पीळ रबर खाते, म्हणून टाकीचा जोड वाचतो. आपण रबराला जागाच ठेवलेली नाही. रेडिएटर लोखंडावर थेट आवळला, की पीळ सरळ जोडाला. अशी गाडी मुळात दगडांत न्यावीच कशाला, असे आपले म्हणणे असणार, तेही रास्तच.

आता काऊल. लो रेशोत, पहिल्या गिअरमध्ये गाडी माणसाच्या चालीने चढत असते, तेव्हा समोरून वारा जवळजवळ नसतोच. लागतो तेवढा पंख्यानेच ओढायचा. तो सबंध जाळीतून ओढला जावा म्हणून पंख्याभोवती काऊल असते. ती नसली की पंखा स्वतःपुढच्या गोलातूनच हवा घेतो, वर कडेची तापलेली हवा पुन्हा पुन्हा फिरवतो, आणि जाळीचे चारही कोपरे सुटी घेतात. आपल्या रेडिएटरला काऊल लावायला एक कानही नाही. उलट ‘हेवी ड्यूटी’च्या मानासाठी आपण नळ्यांची एक ओळ वाढवलीत, त्यामुळे जाळी पंख्याला भिडायच्या बेतात आली. मिस्त्री म्हणाले, “काऊल काढूनच टाकू साहेब, मोकळी हवा लागेल.” काऊल गेली. हवा मोकळीच राहिली. जाळीत शिरायची सक्ती तिच्यावर कोणी केली नाही.

आपल्या प्रतिभेचा कळस मात्र झाकणाच्या मानेत आहे. हे झाकण आतल्या स्प्रिंगने पाणी दाबात ठेवते. ०.९ बारचे झाकण असेल, तर समुद्रसपाटीला पाणी १०० ऐवजी साधारण ११८ अंशांना उकळते. पण स्प्रिंगखालची चकती मानेच्या आतल्या कडेवर घट्ट टेकली तरच. आपण मान खोल केलीत. झाकण बसते, फिरते, टक्क वाजतेसुद्धा. आत कुठेच टेकत नाही. या कलाकृतीचे प्रात्यक्षिक आंबेनळी घाटात उत्तम होते. पोलादपूरहून महाबळेश्वरला गाडी सुमारे १३५० मीटरवर पोचते आणि तिथे दाबाविना पाणी ९६ अंशांच्या आतच उकळते. थर्मोस्टॅट ८२ चा धरला, तर हाताशी चौदाएक अंश उरतात. निम्मे कुलंट घातले तर आणखी सात-आठ मिळाले असते, पण ‘साधे पाणी चालेल’ ही सवलत आपल्याच कागदावर छापलेली. प्रतापगडाच्या फाट्यालाच आमच्या गाडीने महाराजांना वाफेची सलामी दिली. मग दुकानदाराने दोष दिला मिस्त्रींना, मिस्त्रींनी हेड गॅस्केटला, गॅस्केटवाल्याने डिझेल पंपाला. आपले नाव कोणीच घेतले नाही. ते कोणाला ठाऊकच नव्हते.

साध्या पाण्यावरून आठवले. आपली जाळी ॲल्युमिनियमची आहे. त्याबद्दल आकस नाही. जगभरचे गाडीवाले तेच वापरतात. हलके असते, स्वस्त पडते, आणि रुंद नळ्या घालून नीट बनवले तर थंडही छान करते. पण त्याला योग्य कुलंट लागते. बोअरचे खारट पाणी त्याला आतून खात जाते. मूळची पितळी टाकी गळाली, तर तालुक्याच्या गावातला रेडिएटरवालाही ज्योत लावून ती उघडतो, नळ्यांत सळई घालून गाळ काढतो, डाग देतो आणि पाण्यात बुडवून, हवा भरून बुडबुडे बघतो. आपल्या प्लॅस्टिकच्या टाकीला चीर गेली की त्याच्या हाताला कामच नाही. सरळ नवे खोके. त्यावरही ‘डायरेक्ट फिट’ असेलच.

तेव्हा विनंती एकच. खोक्यावर विशेषणांऐवजी मापे छापा : जाळीची उंची, रुंदी, जाडी, दोन्ही तोंडांचे व्यास आणि जागा, बोल्टांमधले अंतर, झाकणाच्या मानेची खोली. एका स्टिकरवर मावतील. गिऱ्हाईक टेप घेऊन काउंटरवर उभे राहील आणि घ्यायचा की नाही ते तिथेच ठरवील. अर्थात मापे छापायची तर ती कुठूनतरी घ्यावी लागतील, म्हणजे आपल्या कारखान्यात एकदा तरी जीप आणावी लागेल. हा खर्च झेपेपर्यंत आम्ही जुन्या पितळी टाक्यांतच नवी जाळी भरून घेऊ. हे काम करणाऱ्याकडे खोके नाही आणि घोषणाही नाही. तो फक्त म्हणतो, “जुना काढून आणा, मोजून करतो.”

कळावे, लोभ आहेच. तो वाढू नये ही विनंती.

आपला,
एक तापलेला ग्राहक

ता. क. : पावतीच्या मागे ‘एकदा बसवलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापले आहे. बसत नाही म्हणून परत करावा, तर बसवून पाहिलेला असतो. बसला, तर परत करायचे कारण उरत नाही. तरी न बसवता माल बसतो की नाही हे ओळखण्याची युक्ती उलट टपाली कळवावी. पत्ता आम्ही देतो. आपल्यासारखा लपवत नाही.